मिरगाच्या तोंडावर हिमनदी

आधी हिरामावशीचं नाव घेते, मग बाकीचं. आमच्या कोकणात गाऱ्हाणं घालतानाही असंच असतं. ज्यांचा ज्यांचा आधार, त्यांची नावं आधी. काय झालं आणि काय हवं, ते नंतर. हिरामावशी वरळीच्या कोळीवाड्यातली. लालबागच्या नाक्यावर तिची मासळीची पाटी असते. तिथून हाकेच्या अंतरावर मसाल्याचं दुकान आहे, त्यात मी कढईवर बसते, म्हणजे खडे मसाले भाजते. त्या वर्षी तिनं हात दिला नसता, तर मी आजही बसल्या जागेवरून लोकांना विचारत राहिले असते, कुठे चाललात, कसं आहे तिथे.

आज गल्ली पुन्हा लाल झाली आहे. मार्च सरला की इथली हवाच वेगळी होते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी, सगळ्या पोत्यांची तोंडं उघडी. मिरची कुटणाऱ्या डंखांची धडधड जमिनीतून तळपायात येते, संध्याकाळी घरी गेलं तरी पाय धडधडत राहतात. नवा माणूस गल्लीत शिरला की आधी शिंकतो, मग खोकतो, मग आपल्यालाच हसतो. चाळी सोडून विरार-बदलापूरला राहायला गेलेल्या बायका वर्षाचा मसाला करायला अजून इथेच येतात. तिकडेही गिरण्या आहेत म्हणे. पण मसाला लालबागचाच, असं म्हणताना त्यांचा चेहरा माहेरी आल्यासारखा होतो. मी धणे परतत असते. धणे, मग खसखस, मग दगडफूल, मग नागकेशर. प्रत्येकाची आच वेगळी. घाई केली की करपतं आणि एकदा करपलं की त्याला उपाय नाही. दर वर्षी या वासात मला ते एक वर्ष आठवतं. मिरच्यांच्या ढिगाकडे बघताना बर्फ आठवणारी या गल्लीत मी एकटीच असेन.

केतकीताई आमच्या गिऱ्हाईक. शिवाजी पार्कला राहतात, गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवतात. दर उन्हाळ्यात पाच-सहा बायकांना घेऊन डोंगरात जातात. त्या वर्षी त्या मेतकूट आणि सुकी चटणी न्यायला आल्या होत्या.

"प्रवासाला?" मी विचारलं.

"जूनमध्ये. कुमाऊँला." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. दोन काळ्या डोंगरांच्या मधून पांढरं काहीतरी उतरत आलं होतं, मध्येच थांबलं होतं. "पिंडारी हिमनदी. शेवटच्या गावापर्यंत गाडी जेमतेम पोचते. पुढे आपले पायच."

हिमनदी. मी झारा हलवायला विसरले. नववीत दिवाळीच्या सुट्टीआधी भूगोलाच्या बाईंनी नदीचं कार्य संपवलं होतं. पुस्तक मिटताना म्हणाल्या होत्या, उद्या हिमनदी घेऊ. त्या दिवशी घरी गेले तर बाबा अंथरुणाला लागलेले. त्यानंतर शाळा झालीच नाही. मामाबरोबर एसटीत बसले आणि घोडपदेवच्या चाळीत आले. वर्ग पुढे गेला असेल, हिमनदीही झाली असेल. माझी राहिली. इतक्या वर्षांत कुणी मला ती शिकवली नाही आणि मीही कुणाला विचारली नाही. नदी गोठली तर तिला नदी का म्हणायचं, एवढं साधं विचारायचं होतं मला.

"मला न्याल?" तोंडातून गेलं. गेल्यावर वाटलं, गिळून टाकावं.

केतकीताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "चालायची सवय आहे?"

"रोज घोडपदेवहून चालतच येते."

"तिथे चढ आहे. पाठीवर बॅग. रोज, सलग. मी कुणाला उचलून नेत नाही हं."

"मला कुणी उचलून नेलेलं नाही अजून," मी म्हटलं. त्या हसल्या, पण मी गंमत केली नव्हती.

माझा स्वभाव भित्रा. घराचं कुलूप मी दोनदा ओढून बघते. रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी बाईचा पदर धरलाय मी. म्हणून त्यानंतरचे आठवडे मी जे केलं, ते माझं मलाच खरं वाटत नाही. केतकीताईंनी मला त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. त्यातल्या बाकीच्या बायका बँकेतल्या, कॉलेजातल्या. भराभर लिहायच्या. मी 'मी येणार आहे' एवढंच लिहून खोडायचे, पुन्हा लिहायचे. येणार आहे की येत आहे? शेवटी नुसता नमस्काराचा हात पाठवला. एकीने एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला, तो सगळ्यांना कळलेला दिसला. मी केतकीताईंना फोन करून विचारलं.

"अगं, वर हवा विरळ असते ना. एकदम चढायचं नाही. थांबत थांबत, शरीराला सवय होऊ द्यायची."

"आमच्या गल्लीत आलेलं माणूस शिंका थांबेपर्यंत दाराशीच उभं राहतं, तसं?"

"अगदी तसं," त्या म्हणाल्या. "हे मी पुढच्या वेळी सगळ्यांना असंच सांगेन."

फोन ठेवल्यावर मी उगाचच चाळीच्या गॅलरीत एक फेरी मारून आले.

चढायचा सराव चाळीच्या जिन्यावर. मामाच्या मुलाची जुनी कॉलेजची बॅग घेतली, तिच्यात हळकुंडं भरली आणि कामावरून आल्यावर खालपासून गच्चीपर्यंत चढउतार सुरू केला. पहिले दोन दिवस लोकांनी नुसतं बघितलं. चाळीत नुसतं बघणं फार काळ टिकत नाही.

"काय गो, काय हरवलं काय?"

"सराव करतेय. डोंगर चढायचाय."

"मग वर चाललीसच तर ही पिशवी सावंतांकडे टाक."

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. कुणाचे तांदूळ, कुणाचं दळण, कुणाचा पाण्याचा कॅन. हळकुंडं काढून ठेवावी लागली, त्यांना जागाच उरली नाही. खाली एखादी काकू रिक्षातून उतरली की वरून आवाज यायचा, "थांब गं, ती हिमालयवाली येतेच आहे." केतकीताई फोनवर विचारायच्या, आज बॅगेत काय होतं? मी सांगायचे, तिसऱ्या माळ्याचं गव्हाचं पीठ आणि परबांची गॅसची शेगडी. त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करते. एका संध्याकाळी गच्चीवर पोचले, तर माझा श्वास लागला नव्हता. मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या कडेनं मी उभी राहिले आणि भायखळ्याकडच्या उंच इमारती बघत राहिले. काही जिंकलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. तरी पाठ आपोआप ताठ झाली होती.

आईला गावी फोन केला. तो फोन मी रोज उद्यावर ढकलत होते.

"खंय जातंस?"

"हिमालयात, आई."

"नवस बोललंस काय?"

"नवस नाय गो. चालूक."

पलीकडे तिनं कोंबड्या हाकलल्या. "हंय घाटी चढतंस तेवां पाय दुखतत म्हणून बसतंस. थंय कित्याक जातंस? बरफ हंयच्या दुकानात गावता."

"नदीचा बर्फ आहे आई."

"आणि सुट्टी थंय घालवलंस तर मे म्हयन्यात घराक कोण येतलो?"

तिचं खरं होतं. आम्हा कोकणी माणसांना मे महिन्यात एकच दिशा ठाऊक. सुट्टी म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे काम. कौलं चाळायची, पावसाआधी लाकडं आत घ्यायची, फणस उतरवायचे, आंब्याची साठं घालायची. गावाहून मुंबईला परत येतो ते आम्ही जास्त दमून. तरी सगळे म्हणतात, सुट्टीत छान गेलो होतो. म्हणून डोंगरात चालून चालून दमायची सुट्टी मला कधी विचित्र वाटली नाही. विचित्र एवढंच की तिथे माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. आई शेवटी म्हणाली, "बरां. कानाक बांध. आणि गणपतीक तरी ये."

बॅग भरताना मात्र मी पक्की गाववाली निघाले. मेमधल्या एका रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर केतकीताईंनी सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. माझी उघडली आणि त्या एकेक वस्तू बाहेर काढत गेल्या. चहा पावडर. साखर. दोन किलो लाडू. मुलांसाठी खाऊ. नवा स्टीलचा डबा. कुळथाच्या पिठीची पिशवी. एक साडी.

"साडी कशाला?"

"कुणाला तरी."

"कुणाला?"

"वाटेत शेवटचं गाव आहे म्हणालात ना. त्यांच्याकडे राहायचंय. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

बाकीच्या बायका हसल्या. चांगल्या मनानं हसल्या, पण मला कानापर्यंत गरम झालं. गावाला जाणारा माणूस पिशव्यांशिवाय मी जन्मात बघितलेला नाही. बॅग पाठीवर घेऊन चढायचं आहे हे माहीत होतं, जिने त्यासाठीच तर झिजवले. पण हाताला सवय एकाच भरण्याची होती. केतकीताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण पाठ तुझी आहे. एक वस्तू ठेव." मी कुळथाच्या पिठीची पिशवी ठेवली. तशीही ती मी सगळ्यांच्या जेवणासाठीच केली होती. कुळीथ भाजून दळायचे, त्यात माझाच मसाला, सुका लसूण. वर फक्त पाणी उकळायचं. त्या ग्रुपवर मी पहिल्यांदा मोठं काही लिहिलं ते याच्याबद्दल, आणि मग कुणी तयार पाकिटांचं नाव काढलं नाही.

एवढं सगळं झालं, आणि खरी भिंत तशीच उभी होती. सुट्टी. निघायचं होतं जूनच्या सुरुवातीला, मिरगाच्या तोंडावर. मिरग लागायच्या आत मसाला बरणीत गेला पाहिजे, नाहीतर दमट हवेनं नासतो. म्हणून शेवटच्या दिवसांत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत कढईवरच्या माणसानं सुट्टी मागणं म्हणजे मखरात गणपती बसल्यावर गुरुजींनी जरा जाऊन येतो म्हणण्यासारखं. मी रोज ठरवायचे, आज सांगू. रोज दुकानमालक अण्णांचा चेहरा बघून परतायचे. माझ्या जागी कुणी चालेल का, म्हणून आजूबाजूला विचारून बघितलं होतं. ज्यांना भाजता येत होतं, त्या सगळ्या आपापल्या कढईला जुंपलेल्या. शेवटी एका दुपारी, हिरामावशीचा वर्षाचा मसाला मी भाजत होते आणि ती शेजारी पाटावर बसून, कुणावरच विश्वास नसल्यासारखी, माझ्या झाऱ्यावर डोळा ठेवून होती, तेव्हा बोलले.

"अण्णा, जूनमध्ये मला पंधरवडाभर सुट्टी हवी."

"मिरगाच्या तोंडावर?" त्यांनी तराजूवरची नजर काढली नाही. "लग्न ठरलं तुझं?"

"नाही."

"गावाला कोणी आजारी?"

"सगळे बरे आहेत."

"मग?"

"हिमनदी बघायला जायचंय."

अण्णांनी गिऱ्हाइकाचे धणे पुरे केले, पुडी बांधली, दोरा तोडला. "तिथे मसाल्याचं काय पिकतं?"

"माहीत नाही."

"ते तरी विचारून घे." मग म्हणाले, "मी नाही कशाला म्हणू. इतक्या वर्षांत गावचे चार दिवस सोडले तर तू मागितलंस काय? पण कढईवर माणूस दे आणि जा. माणूस नसेल तर मला सांगू नको."

माणूस नव्हता. मी मान खाली घालून खसखस घेतली. तेव्हा पाटावरून आवाज आला.

"मी बसतंय."

अण्णा हसले. "तू? अगं, तुझ्या हाताला मासळीचा वास."

"दर साली माझा मसाला याच कढईत भाजून नेतंय, तवा नाय आला वास? पैसं घेताना तर कवा नाक नाय धरलंस." हिरामावशी उठून पदर खोचत होती. "जूनला होड्या वर काढल्या, मच्छीमारी बंद. पाटी रिकामीच. जा गो बाय तू. बग जा कशी नदी हाय ती."

अण्णांनी तिला तिथल्या तिथे मूठभर धणे दिले आणि भाजून दाखव म्हणाले. तिनं भाजले. त्यांनी दोन दाणे दाताखाली फोडले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. आमच्या अण्णांचा होकार असाच असतो.

मी गेले. तिकडचं सगळं सांगत बसत नाही, काही गोष्टी मी अजून माझ्यापाशीच धरून ठेवल्यात. पण शेवटच्या गावातलं ते स्वयंपाकघर सांगते. धुरानं काळं झालेलं छत, चुलीशी माझ्या वयाची एक बाई. मी माझ्या मोडक्या हिंदीत पिठी तिच्यापुढे ठेवली. तिनं चिमूटभर घेऊन हुंगली आणि म्हणाली, "ये तो गहत है." आमचे कुळीथ त्यांच्याकडे गहत. थंडीत तेच खातात. मग तिनं माझ्या हातून पळी घेतली, मला जवळ सरकवून बसवलं आणि तिच्या पद्धतीनं फोडणी दिली. समुद्राकाठची पिठी आणि डोंगरातली फोडणी. बँकेतल्या बाई, कॉलेजातल्या बाई, सगळ्यांनी वाट्या पुसून खाल्ली. मी सांगितलं, हे माझ्या गावचं. माझ्या गावचं, हे मी मुंबईत इतक्या मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही.

आणि हिमनदी. मला वाटलं होतं, चकाकत असेल. ती मळकी होती, करडी, अंगावर दगडगोटे घेतलेली. पण तिच्या पोटातून पाण्याचा आवाज येत होता. वरून सगळं थांबलेलं आणि आत चाललेलं. मी बॅग न उतरवताच खाली बसले. वाटेत ती कुणाच्याही पाठीवर दिली नव्हती. हळू चालले होते, मागून चालले होते, पण मंद आचेवर ठेवल्यासारखी एकसारखी चालले होते. केतकीताई शेजारी येऊन बसल्या. मला बाईंना सांगावंसं वाटलं, बाई, तो धडा मी वाचला. जरा उशीर झाला, पण उत्तर पाहून लिहिलेलं नाही.

परत आले तेव्हा मिरग लागून गेला होता. दुकानात शिरले, तर हिरामावशी कढईवरच होती. चेहरा आचेनं काळवंडलेला, हात मनगटापर्यंत लाल. अण्णा गिऱ्हाइकाला सांगत होते, आज भाजणारी कोळीण आहे, काळजी करू नका.

"कसा व्हता बरफ?" तिनं विचारलं.

"मळका."

"आमच्या पाटीखालचापन मळकाच," ती म्हणाली आणि झारा माझ्या हातात दिला.

त्या पावसात मी एकदा तिच्या घरी गेले. बाहेर वाळूत होड्या उपड्या, घरात जाळी दुरुस्त करायचं काम. चहा पिताना मी म्हटलं, मावशी, आता तू सांग. तुला कुठे जायचंय? कुठेही सांग, केतकीताईंना विचारते.

ती सुईत दोरा ओवत राहिली. "मना कुटं नाय जायाचं गो. मना आठ दीस कुनी हाक मारू नये. एवढंच. ए मावशी, पापलेट कसं, ए मावशी, कापून दे. बंदीच्या पयल्या हप्त्यात तेवढं गावतं. कोन हाक मारत नाय. मी नुसती निजतंय, उटतंय, परत निजतंय."

बंदीचा पहिला हप्ता. वर्षातून तिला एकदा मिळणारं ते गप्प राहणं, तेच तिनं आमच्या कढईवर, त्या धडधडीत, धुरात घालवलं होतं. आणि मला वाटलं होतं, पाटी रिकामी म्हणजे ती मोकळीच.

तिला हे मी बोलून दाखवलं नाही. तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण मी पाटीवर बसायला शिकतेय. या उन्हाळ्यापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी तिच्याजवळ बसते, कोयत्यावर बांगडा धरायला शिकते, आणि घासाघीस करणाऱ्या बायकांना उलट उत्तर द्यायला, जे मला कापण्यापेक्षा अवघड जातं. ती म्हणते, तुझा हात भितो. भिऊ दे. जिना चढतानाही पाय भीतच होते. मावशी, एका वर्षी भर हंगामात, पाटी भरलेली असताना, तू आठ दिवस घरी झोपशील. नाक्यावर लोक मावशी, मावशी म्हणून हाका मारतील, आणि ओ मी देईन.